सुरक्षितता विकत मिळेल काय?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

मागच्या अभ्यासवर्गाच्या अखेरीस एका तरुण कार्यकर्त्याने मला एक प्रश्न विचारला होता. घाईत दिलेल्या माझ्या उत्तराने त्याचे समाधान झाले नाही. खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. त्याचा प्रश्न असा होता : "सर, २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या, आणि चार दिवसांनी ते गेले. मारणाऱ्यांजवळ पिस्तुले होती, कारण त्यांना परवान्याची पर्वा नव्हती. मरणाऱ्यांजवळ काहीच नव्हते, कारण ते कायदा पाळणारे होते. मग अमेरिकेत आहे तसा शस्त्र बाळगण्याचा हक्क आपण का मागू नये?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्याच्या घरावर रात्री दगड पडतात आणि सकाळी ज्याची फिर्याद पोलीस ठाण्यात लिहून घेतली जात नाही, त्याला अहिंसेवर प्रवचन देणे फार सोपे असते. म्हणून आज मी त्या अमेरिकन हक्काचीच चिकित्सा करणार आहे. हा हक्क ज्या निकालाने आजच्या स्वरूपात अस्तित्वात आला तो निकाल, त्यावर उमटलेल्या प्रतिक्रिया आणि त्या प्रतिक्रियांत जे कोणी फारसे बोलले नाही ते, असा माझ्या मांडणीचा क्रम राहील.

निकाल काय होता?

अमेरिकेच्या राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती १७९१ सालची. मूळ इंग्रजीत ती अवघ्या सत्तावीस शब्दांची आहे. तिचा आशय असा की, स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेसाठी नागरिकांचे सुव्यवस्थित सैनिकदल, म्हणजे मिलिशिया, आवश्यक असल्यामुळे शस्त्रे बाळगण्याच्या व धारण करण्याच्या लोकांच्या हक्कावर अतिक्रमण होता कामा नये. वाक्याचा पूर्वार्ध मिलिशियाविषयी आणि उत्तरार्ध लोकांच्या हक्काविषयी. या दोहोंचा संबंध कसा लावायचा, हाच दोनशे वर्षांचा वाद आहे. १९३९ साली आखूड नळीच्या बंदुकीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क मिलिशियाच्या संदर्भात वाचला होता, आणि पुढली जवळजवळ सत्तर वर्षे कनिष्ठ न्यायालये बहुतांशी त्याच वाटेने गेली.

वॉशिंग्टन शहराने १९७६ मध्ये एक कडक कायदा केला. तो त्याच वर्षी अमलात आला. त्यान्वये नव्या पिस्तुलांची नोंदणी बंद झाली आणि नोंदणीवाचून पिस्तूल बाळगणे हा गुन्हा ठरला. घरात लांब नळीची बंदूक ठेवायची तर ती गोळ्या काढून सुटी केलेली, अथवा चापाला कुलूप लावलेली असावी, असाही दंडक होता. डिक हेलर नावाचा एक सुरक्षारक्षक सरकारी इमारतीत कामावर असताना पिस्तूल बाळगी. घरी मात्र त्याला ते ठेवता येत नसे. त्याने कायद्याला आव्हान दिले. २६ जून २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी त्याच्या बाजूने कौल दिला. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी लिहिले. मिलिशियाशी काही एक संबंध नसला तरीही, स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला आहे, असे त्यांनी ठरविले. हा हक्क अमर्याद नाही, हेही त्यांनी नमूद केले : गुन्हेगारांना व मनोरुग्णांना शस्त्रबंदी, शाळा व सरकारी इमारतींतील बंदी आणि विक्रीवरील अटी यांना या निकालाने धक्का लागत नाही.

न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स व न्यायमूर्ती स्टीफन ब्रेयर यांनी विरोधी निकालपत्रे लिहिली. स्टीव्हन्स यांचे म्हणणे इतिहासाचे होते : ही दुरुस्ती मिलिशियासाठी होती, खासगी स्वसंरक्षणासाठी नव्हे. ब्रेयर यांचे म्हणणे व्यवहाराचे होते : हक्क मानला तरी पिस्तुलांमुळे दाट वस्तीच्या शहरात होणारी जीवितहानी पाहता शहराने घातलेले निर्बंध वाजवी आहेत.

प्रतिक्रियांचे सूर

निकालाच्या दिवशीच वॉशिंग्टनचे महापौर एड्रियन फेंटी म्हणाले की, पिस्तुले वाढली की पिस्तुलांची हिंसाही वाढणार. शिकागोचे महापौर रिचर्ड डेली यांनी हा निकाल भयावह असल्याचे सांगितले. उलट, नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या बलाढ्य संघटनेने विजयोत्सव केला आणि लागलीच शिकागो व सॅन फ्रान्सिस्को येथील निर्बंधांविरुद्ध दावे लावले. गंमत अशी की, हाच खटला उभा राहत असताना ही संघटना, हार होईल या भीतीने, बिचकत होती. खटल्याचा खर्च रॉबर्ट लेव्ही या धनाढ्य वकिलाने उचलला होता, आणि स्वतः लेव्ही यांच्याजवळ बंदूक नव्हती. त्यांना बंदुकीत रस नव्हता. शासनाचे हात बांधण्यात होता. हा तपशील आपण ध्यानात ठेवला पाहिजे.

ते वर्ष राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचे होते. रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांनी निकालाचे स्वागत केले यात नवल नाही. परंतु बराक ओबामा यांनीही, हा हक्क व्यक्तीचा आहे असे आपण पूर्वीपासूनच मानत आलो आहोत, असे सांगून वाजवी नियंत्रणाला वाव राहिल्याचे समाधान व्यक्त केले. मतांचे गणित दोघांनाही कळत होते.

सर्वांत उद्बोधक प्रतिक्रिया उजव्या गोटातूनच आली. रिचर्ड पोस्नर आणि जे. हार्वी विल्किन्सन हे दोघेही रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले नामांकित न्यायाधीश. दोघांनीही निकालावर टीका केली. विल्किन्सन यांचा आक्षेप असा की, गर्भपाताचा हक्क घटनेत नसता न्यायाधीशांनी तो निर्माण केला अशी तक्रार करणारेच आता तेच करू लागले आहेत; लोकप्रतिनिधींनी निर्णय करावयाचे विषय न्यायासनाने आपल्याकडे ओढू नयेत. त्याआधी १९९१ मध्ये, निक्सन यांनी नेमलेले निवृत्त सरन्यायाधीश वॉरेन बर्गर यांनी दुसऱ्या दुरुस्तीचा बंदूकवाद्यांनी लावलेला अर्थ ही जनतेची फसवणूक असल्याचे सांगितले होते. जी गोष्ट १९९१ मध्ये एका परंपरानिष्ठ सरन्यायाधीशाला फसवणूक वाटत होती, ती सतरा वर्षांत घटनात्मक हक्क झाली. घटनेचा मजकूर मध्यंतरी एका अक्षरानेही बदलला नव्हता. बदलली होती ती संघटित प्रचाराची ताकद. २०१८ मध्ये, निवृत्तीनंतर, स्टीव्हन्स यांनी तर ही दुरुस्तीच रद्द करावी असे जाहीरपणे लिहिले.

एकाच लेखणीचे दोन निकाल

आता मी अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने बोलतो. या सर्व गदारोळात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट जवळजवळ गृहीत धरली : सुरक्षितता ही ज्याची त्याने पाहायची बाब आहे. भांडण होते ते तिच्यासाठी कोणते साधन घ्यावे एवढ्यापुरतेच.

हे गृहीतक कोठून आले? १९७५ साली, म्हणजे पिस्तूलबंदीचा कायदा झाला त्याच्या आदल्या वर्षी, त्याच वॉशिंग्टन शहरात काही स्त्रियांच्या घरात गुंड शिरले. त्यांनी पोलिसांना पुनःपुन्हा फोन केले. पोलीस आले, दार वाजवून निघून गेले. पुढले चौदा तास त्या स्त्रियांवर अत्याचार झाले. त्यांनी शहरावर दावा लावला. १९८१ साली तेथील वरिष्ठ न्यायालयाने निवाडा दिला की, पोलिसांचे कर्तव्य सर्वसाधारण जनतेप्रती आहे; एखाद्या विशिष्ट नागरिकाचे रक्षण करण्याची कायदेशीर जबाबदारी त्यांच्यावर नाही.

दुसरे प्रकरण कोलोरॅडो राज्यातले, १९९९ मधले. पतीपासून विभक्त झालेल्या एका आईने न्यायालयाकडून त्याच्याविरुद्ध मनाई हुकूम मिळविला होता. तो मुलींना घेऊन गेला. आई रात्रभर पोलिसांकडे विनवण्या करीत राहिली. पोलीस थांबायला सांगत राहिले. त्याच संध्याकाळी विकत घेतलेले पिस्तूल घेऊन तो पहाटे पोलीस ठाण्यावर चालून आला आणि मारला गेला. त्याच्या गाडीत तिन्ही मुलींचे मृतदेह सापडले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. २००५ साली सात विरुद्ध दोन मतांनी न्यायालयाने सांगितले की, मनाई हुकूम पोलिसांकडून बजावून घेण्याचा घटनात्मक हक्क त्या आईला नाही. निकालपत्र लिहिले होते न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी.

मित्रहो, या दोन निकालपत्रांमध्ये तीन वर्षांचे अंतर आहे आणि लेखणी एकच आहे. २००५ मध्ये ती सांगते : शासन तुझे रक्षण करण्यास बांधलेले नाही. २००८ मध्ये ती सांगते : परंतु पिस्तूल विकत घेण्याचा तुझा हक्क शासनाने हिरावू नये. दोन्ही वाक्ये एकापुढे एक ठेवली की पूर्ण सिद्धांत वाचता येतो. शिक्षण, आरोग्य, निवारा यांच्या बाबतीत भांडवलशाही जे सांगते तेच येथे जिवाच्या बाबतीत सांगितले आहे : शासनाकडे मागू नकोस, बाजारात जा.

आणि बाजाराला न्यायासनावर कसे बसविले ते पाहा. कोणती शस्त्रे घटनेच्या संरक्षणाखाली येतात? स्कॅलिया यांचे उत्तर असे की, कायदा पाळणारे नागरिक जी सर्वसाधारणपणे वापरतात ती. आणि अमेरिकन माणूस घराच्या रक्षणासाठी पिस्तूलच सर्वाधिक पसंत करतो, म्हणून पिस्तुलावर बंदी चालणार नाही. म्हणजे जी वस्तू पुरेशा प्रमाणात विकली गेली तिला घटनेचे कवच लाभते. ब्रेयर यांनी या युक्तिवादातील चक्राकारता तेव्हाच दाखवून दिली होती. कारखानदाराने आधी माल खपवावा आणि मग खप हाच हक्काचा पुरावा मानावा, असा न्याय अन्य कोणत्या धंद्याच्या वाट्याला आला आहे? त्यातही २००५ मध्ये अमेरिकन संसदेने कायदा करून, विकलेल्या बंदुकीने झालेल्या गुन्ह्याबद्दल उत्पादक व विक्रेत्यांवर भरपाईचे दावे लावण्याची वाट बहुतांशी बंद केली होती. नफा खासगी, हानी सार्वजनिक, हे सूत्र आपणांस नवे नाही.

शेजाऱ्याचे पिस्तूल

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत स्थायिक आहे. मराठी मंडळात नाटके बसविणारा, मुंगीलाही न दुखविणारा माणूस. २०२० साली, महामारी व अशांतता यांच्या काळात, त्याने पिस्तूल घेतले. मी कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, दोन्ही शेजाऱ्यांनी घेतले. आमच्याच घरात नाही हे सगळ्यांना ठाऊक झाले तर?" त्याला मी काय बोलणार? वर्गात जे मी फळ्यावर आकृत्या काढून शिकवीत असे, ते तो जगत होता.

दिवाबत्ती, रोगप्रतिबंध, नदीवरचा बांध या गोष्टी अशा असतात की, त्या एकाला मिळाल्याने दुसऱ्याचा वाटा कमी होत नाही. सार्वजनिक सुरक्षितता ही त्याच जातीची वस्तू आहे. माझ्या वस्तीत चांगली पोलीस व्यवस्था असेल तर माझ्या शेजाऱ्याचीही भीती कमी होते. पिस्तूल याच्या नेमके उलट वागते. मी ते घेतले की माझी भीती क्षणभर कमी होते आणि शेजाऱ्याची वाढते. तो घेतो, मग माझी पुन्हा वाढते. प्रत्येक जण स्वतःपुरता शहाणपणाने वागतो आणि सर्व मिळून अधिक असुरक्षित होतात. त्या २०२० साली अमेरिकेत बंदूक खरेदी व परवाने यांसाठी होणाऱ्या पूर्वचौकश्यांची संख्या सुमारे ३ कोटी ९७ लाखांवर गेली. प्रत्येक चौकशी म्हणजे विक्री नव्हे, तरी भीतीचा आलेख त्यातून दिसतोच. २०१८ च्या एका आंतरराष्ट्रीय अंदाजाप्रमाणे तेथील नागरिकांजवळ सुमारे ३९ कोटी बंदुका होत्या. म्हणजे माणसांपेक्षा बंदुका अधिक.

एवढ्या बंदुकांनी देश निर्भय झाला काय? २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांपैकी सुमारे २१ हजार खून होते. आणि २६ हजारांहून अधिक, म्हणजे निम्म्याहून जास्त, आत्महत्या होत्या. चोरासाठी उशाशी ठेवलेले शस्त्र खचलेल्या घरधन्याच्याच, नाहीतर त्याच्या तरुण मुलाच्या हाती लागते. घरात बंदूक असल्याने आत्महत्येचा धोका वाढतो, हे अनेक अभ्यासांनी पुनःपुन्हा दाखविले आहे.

डाव्यांची अडचण

येथे काही मित्र मला अडवतील, आणि त्यांनी अडवावे. ते म्हणतील, शस्त्रनियंत्रणाचा इतिहास तरी कोठे निर्मळ आहे? तो नाही, हे मान्य केले पाहिजे. १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालात सरन्यायाधीश टॉनी यांनी, काळ्या माणसाला नागरिक मानल्यास त्याला शस्त्र बाळगून वाटेल तेथे फिरता येईल, ही आपत्ती म्हणून दाखविली होती. यादवी युद्धानंतर दक्षिणेतील राज्यांनी मुक्त गुलामांना निःशस्त्र करणारे कायदे केले. १९५६ मध्ये माँटगोमेरी येथे घरावर बाँब पडल्यानंतर मार्टिन ल्यूथर किंग यांनी पिस्तुलाचा परवाना मागितला. तो नाकारला गेला. १९६७ मध्ये ब्लॅक पँथर पक्षाचे तरुण बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात गेले, तेव्हा भरलेली शस्त्रे घेऊन उघडपणे फिरण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली ती गव्हर्नर रोनाल्ड रीगन यांनी. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने हेलर निकाल राज्यांना व शहरांना लागू केला, त्या खटल्यातील प्रमुख वादी ओटिस मॅक्डोनाल्ड हे शिकागोतील निवृत्त कृष्णवर्णीय कामगार होते. त्यांच्या घरी अनेकदा चोऱ्या झाल्या होत्या. आणि २०२२ मध्ये न्यायालयाने न्यूयॉर्कचा शंभर वर्षांहून जुना परवाना कायदा मोडीत काढला, तेव्हा गरीब आरोपींची बाजू लढविणाऱ्या कृष्णवर्णीय वकिलांनीही त्या कायद्याविरुद्ध निवेदन दिले होते. त्यांचा अनुभव असा की, परवाना मिळतो तो वजनदारांना आणि विनापरवाना शस्त्राबद्दल तुरुंगात जातात ती काळी व लॅटिन अमेरिकन पोरे.

या सर्व गोष्टी खऱ्या आहेत. परंतु त्यांच्यातून निघणारा निष्कर्ष तपासून घ्या. कोणी १८५० सालच्या मार्क्सच्या त्या प्रसिद्ध पत्रकाचा दाखला देतात, ज्यात कामगारांनी शस्त्रे खाली ठेवू नयेत असे म्हटले आहे. मार्क्स तेथे बोलत होता ते कामगारांनी आपले नायक आपण निवडून उभारलेल्या संघटित दलाविषयी. एकट्यादुकट्याच्या उशाखालच्या पिस्तुलाविषयी नव्हे. आणि असे दल अमेरिकेत उभे राहिले तेव्हा काय झाले? शिकागोच्या जर्मन समाजवादी कामगारांनी आपले एक सशस्त्र दल उभारले होते. इलिनॉय राज्याने कायदा करून अशा खासगी दलांच्या संचलनावर बंदी घातली, आणि १८८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उचलून धरली. हेलर निकालपत्रात स्कॅलिया यांनी या जुन्या निकालाला हात लावला नाही. खासगी सशस्त्र संघटनांवरील बंदी दुसऱ्या दुरुस्तीच्या आड येत नाही, असेच म्हटले. म्हणजे संघटित कामगाराच्या हातातील शस्त्राला बंदी आणि एकाकी, भयभीत ग्राहकाच्या हातातील शस्त्राला घटनेचे कवच. कामगारांनी खासगी सेना उभाराव्यात असे मी मुळीच सांगत नाही. मी एवढेच दाखवतो की, हा हक्क दुर्बलांच्या सामर्थ्याचा आहे असे समजून जे डावे त्याचे स्वागत करतात, ते फसत आहेत. हा हक्क माणसाला एकटे पाडण्याचा आहे.

आपली परंपरा

आता आपल्या घरी येऊ. शस्त्रबंदीचा सल आपल्यालाही होता. लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना सूट दिली. राष्ट्राचा तो अपमान होता. म्हणूनच अहिंसेच्या उपासक गांधीजींनी १९३० साली व्हाइसरॉयपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत, स्वसंरक्षणासाठी लोकनियंत्रणाखाली शस्त्रपरवाने द्यावेत, ही एक मागणी होती. आणि १९३१ च्या कराची ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकांचा हक्क समाविष्ट झाला.

तोच धागा पकडून १९४८ च्या डिसेंबरच्या आरंभी हरि विष्णु कामत यांनी घटना समितीत, शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा, अशी दुरुस्ती मांडली. हे कामत म्हणजे पुढे प्रजासमाजवादी पक्षातर्फे लोकसभेत गेलेले, आपल्याच परंपरेतले झुंजार संसदपटू. त्यांना उत्तर दिले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. प्रत्येक व्यक्तीला बाजारात जाऊन कसलाही अटकाव न होता हल्ल्याची साधने खरेदी करण्याचा हक्क असेल, तर राज्यकारभार चालणार कसा, असे त्यांनी विचारले. पुढे ते म्हणाले की, आग्रह धरायचाच तर व्यक्तीच्या शस्त्र धारण करण्याच्या हक्काचा नव्हे, तर कर्तव्याचा धरला पाहिजे. राष्ट्रावर संकट आल्यास शासन प्रत्येक नागरिकाला शस्त्र धरण्यास बोलावू शकते. दुरुस्ती फेटाळली गेली. गांधीजींना पिस्तुलाच्या गोळ्यांनी मारल्याला तेव्हा वर्षही झाले नव्हते. साठ वर्षांनी स्टीव्हन्स जो सामूहिक कर्तव्याचा अर्थ सांगत होते, त्याच्या जवळ जाणारी भूमिका आपल्या घटनाकारांनी स्वीकारली होती. आणि ती मांडणारा माणूस सवर्णांच्या दहशतीला अपरिचित नव्हता, हे विसरू नये.

तथापि आपणही गर्व करण्याचे कारण नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने वर्णभेद गेला, वर्गभेद गेला नाही. माझ्या लहानपणी आमच्या गावात परवान्याची एकच बंदूक होती, ती वाड्यावर. परवाना पिकांच्या राखणीसाठी होता. तिने एखादे रानडुक्कर मेल्याचे मला आठवत नाही. परंतु मजुरी वाढवून मागायला आलेली माणसे ओसरीवर भिंतीला टेकवून ठेवलेल्या त्या बंदुकीकडे पाहत बोलत, हे स्वच्छ आठवते. २०१६ च्या अखेरीस देशात सुमारे ३३ लाख ७० हजार शस्त्रपरवाने होते. त्यांपैकी पावणेतेरा लाखांहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशात. ते भूमिहीनांच्या घरी नाहीत, हे सांगायला आकडेशास्त्र नको. आणि विनापरवाना कट्ट्यांचा सुळसुळाट इतका की, २०२३ च्या फेब्रुवारीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. अमेरिकेसारखा शस्त्राचा मूलभूत हक्क आपल्याकडे नाही, हेही त्या वेळी न्यायालयाने सांगितले.

मग करायचे काय?

आता मी त्या तरुण मित्राच्या प्रश्नाकडे परततो. दाभोलकर आणि पानसरे दोघेही सकाळी फिरायला बाहेर पडले असता बेसावध क्षणी गाठले गेले. त्यांच्या खिशात पिस्तूल असते तर ते वाचले असते, हा भ्रम आहे. दाभोलकरांनी तर पोलीस संरक्षणही नाकारले होते. आपल्याच देशात, आपल्याच माणसांत बंदुकीच्या छायेत फिरणे त्यांना मान्य नव्हते. परंतु याचा अर्थ शासन मोकळे सुटले असा नाही. त्यांना जिवंत ठेवण्याची जबाबदारी त्यांच्या खिशाची नव्हती, शासनाची होती. प्रश्न विचारायचा तो तेथे.

आणि येथे आपली भूमी अमेरिकेहून अधिक अनुकूल आहे. तेथील न्यायालय सांगते की, शासन रक्षणास बांधलेले नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिताकुमारी प्रकरणात सांगितले आहे की, दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे. २००६ च्या प्रकाशसिंग प्रकरणात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरणे नेमण्याचा आदेश दिला आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या चौथ्या कलमाने कर्तव्यात कसूर करणारा अधिकारी शिक्षेस पात्र ठरतो. याच कायद्याखालील १९९५ च्या नियमांत एक तरतूद आहे, ती किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? जेथे अत्याचाराची भीती आहे तेथे शासनाने दलित-आदिवासी नसलेल्यांचे शस्त्रपरवाने रद्द करावेत, बेकायदा शस्त्रे जप्त करावीत, आणि आवश्यक वाटल्यास दलित-आदिवासींना परवाने द्यावेत. यातला क्रम पाहा. आधी धाक घालणाऱ्याच्या हातातून शस्त्र काढा. दुर्बलाच्या हाती ते देण्याची वेळ आलीच तर तीही शासनाने जबाबदारी घेऊन, सर्वांत शेवटी. अमेरिकेलाही २०२४ मध्ये थोडे याच दिशेने यावे लागले : कौटुंबिक हिंसेबद्दल मनाई हुकूम असलेल्या माणसाचे शस्त्र काढून घेता येते, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी मान्य केले. कोलोरॅडोतील त्या तीन मुलींना मात्र त्याचा उपयोग नाही.

हे सर्व कागदावर आहे, हे मला ठाऊक आहे. कागद आणि पोलीस ठाणे यांतील अंतर तोडणे हेच तर कार्यकर्त्याचे काम. फिर्याद घेत नसतील तर पन्नास माणसांनी ठाण्यासमोर बसणे, हे एका पिस्तुलापेक्षा मोठे संरक्षण आहे; कारण त्या पन्नासांना पाहून शेजारची वस्ती घाबरत नाही, तिला धीर येतो.

म्हणून माझी विनंती अशी. पुढच्या अभ्यासवर्गाला येताना प्रत्येकाने आपल्या तालुक्याची एवढी माहिती आणावी : शस्त्रपरवाने किती, ते कोणाच्या नावावर, गेल्या वर्षात किती फिर्यादी नोंदवून घेण्यास नकार मिळाला, आणि त्यांपैकी किती ठिकाणी आपण गेलो होतो. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना आपणांस अवघडल्यासारखे होईल. मलाही होईल. तेथूनच आपण पुढली चर्चा सुरू करू.